इतके सेन्सर, दहा बोटं, आणि शेवटी उरला एक अंगठा?

तिरपी_रेघ

2008 साली स्म्यूल कंपनीचं ओकारिना नावाचं ॲप आलं होतं, आठवतंय का कुणाला? आयफोनच्या माइकमध्ये फुंकर मारायची, स्क्रीनवरच्या चार भोकांवर बोटं ठेवायची आणि फोन तिरका केला की सूर थरथरायला लागायचा. फुंकर, बोटं, मनगट, सगळं एकाच वेळी कामाला. त्याच वर्षी संगीतकार ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स यांचं ब्लूम नावाचं ॲप आलं. स्क्रीनवर कुठेही टॅप करा, तिथून वर्तुळ पसरायचं, एक स्वर निघायचा आणि तो फिरून फिरून परत येत राहायचा. 2010 मध्ये आयफोन 4 सोबत फोन कसा वळला ते मोजणारा जायरोस्कोपही आला. मला तेव्हा खात्री वाटत होती की गोष्टी, खेळ, संगीत, बातम्या, सगळं आता हातात धरून हलवण्या-वळवण्याचं होणार.

आज साध्या फोनमध्येही त्याहून जास्त सेन्सर असतात. आणि बहुतेक लोक बहुतेक वेळ करतात काय? अंगठा खालून वर. पुन्हा खालून वर.

फोनमुळे माध्यमं जास्त इंटरॅक्टिव्ह झाली असं सगळे धरून चालतात. मला उलटं वाटतं. हातवारे वाढले, पण त्यांनी घडतं ते कमी झालं. तुमचं मत काय? खेळ बनवणारे, ॲनिमेशनवाले, इन्स्टॉलेशन करणारे इथे आहेत हे ठाऊक आहे, त्यांनी जरूर लिहावं. 'इंटरॅक्टिव्ह म्हणजे नक्की काय' या व्याख्येच्या दलदलीत कृपया शिरू नये.

आळशी_अजगर

अख्खा धागा अंगठा खालून वर करत वाचला. प्रतिसाद टंकायला मात्र दोन अंगठे लागले, तेवढीच इंटरॅक्टिव्हिटी.

मिणमिण

वाचतेय. ओकारिना आठवतं! बहिणीच्या फोनवर वाजवायचो. त्यात एक पृथ्वीचा गोल होता, तो उघडला की जगात कुठेतरी कुणीतरी त्या क्षणी फुंकत असलेलं ऐकू यायचं. आमच्याकडे सूर कमी आणि थुंकी जास्त.

जुनी_सीडी

मी त्या आधीच्या जमान्यातला. आधी सीडी-रॉम, मग फ्लॅश (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर). लहान मुलांसाठी चित्रगोष्टी करायचो. मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण मला वाटतं खरी गंमत तिथेच हरवली.

पडद्यावर काही दाखवायच्या साधनाला, मग तो माउस असो की पेन, तीन अवस्था असू शकतात. एक, ते टप्प्यातच नाही (ही माउसला नसते). दोन, ते वस्तूवर आहे पण दाबलेलं नाही. तीन, दाबलेलं. संशोधक बिल बक्स्टन यांनी 1990 मध्ये हे तीन अवस्थांचं मॉडेल मांडलं होतं. बोटाला त्यातल्या दोनच: काचेवर नाही किंवा काचेवर आहे. मधली अवस्था, म्हणजे होव्हर, टचस्क्रीनने खाऊन टाकली.

आमचं सगळं दुकान त्या मधल्या अवस्थेवर चालायचं. झाडावर माउस नेला की पानं सळसळायची, मांजरीवरून नेला की ती एक डोळा उघडायची, दारावर नेला की आतून कुजबुज यायची. मुलं क्लिक करायच्या आधी अख्खं चित्र चाचपून घ्यायची. 'इथे काहीतरी आहे वाटतं' हा जो क्षण असतो ना, त्यावर गोष्ट उभी राहायची. तेच काम टॅबलेटवर आणायचं ठरलं तेव्हा मांजरीचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. शेवटी तिच्याभोवती चमकणारी कडा लावली, म्हणजे 'इथे दाबा'. त्यावर एका मुलीनं विचारलं, 'ही मांजर आजारी आहे का?'

स्टीव्ह जॉब्सनी एप्रिल 2010 च्या फ्लॅशवरच्या जाहीर पत्रात एक कारण नेमकं हेच दिलं होतं, की फ्लॅशच्या साइट्स रोलओव्हरवर (म्हणजे माउस नुसता वर नेला की होणाऱ्या बदलावर) चालतात आणि बोटाला रोलओव्हर नसतो. पत्रातल्या बाकीच्या मुद्द्यांवर वाद घाला, हा मुद्दा खरा होता. 2020 संपताना फ्लॅशचा आधारही संपला. जुन्या फायली अजून एका हार्ड डिस्कवर पडून आहेत.

मिणमिण

जुनी_सीडी काका, आजारी मांजर :)))) पण ते वाचून थोडं वाईटही वाटलं.

फ्रेम_चुकली

तिरपी_रेघ, असहमत. मी मोबाइल गेम्स बनवतो (छोटी टीम, नावं सांगण्यासारखी नाहीत).

तुम्ही सेन्सर मोजताय, मी बोटाने काय करता येतं ते मोजतो. अँग्री बर्ड्स डिसेंबर 2009 मध्ये आला. गलोल ओढायची आणि सोडायची, बस. पण त्या एका ओढण्यात दिशा आहे, जोर आहे, थांबणं आहे, विचार बदलून बोट परत आणणं आहे. फ्रूट निंजामध्ये बोटाचा फटकारा हीच तलवार. पोकेमॉन गोमध्ये चेंडू नुसता फेकता येतो, किंवा बोटाने गोल फिरवून वळणारा चेंडू टाकता येतो, आणि तसा पकडला तर जास्तीचे गुण मिळतात. कंट्रोलरवरच्या बटणाला यातलं काय जमतं?

आता तिरकं करण्याबद्दल. टिल्टवर चालणारा एक खेळ आम्हीही केला होता आणि लोकांना खेळताना पाहिलं. फोन तिरका केला की स्क्रीनही डोळ्यांपासून वळते. म्हणजे जे बघायचं तेच दूर जातं. लोक आडवे पडून खेळतात, तेव्हा 'सरळ' म्हणजे कुठली दिशा हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. चालत्या गाडीत वळण आलं की गाडीसोबत गेममधला गोळाही वळतो. शिवाय शेजारच्या माणसासमोर फोन वेडावाकडा करायला मोठ्या माणसांना लाज वाटते. टिल्ट कुणी कट करून मारला नाही, तो गैरसोयीने मेला.

आळशी_अजगर

फोन तिरका करताना स्वतःही तिरके होणारे लोक मात्र बघण्यासारखे असतात. रेसिंग गेममध्ये मी खुर्चीसकट वळायचो.

सावलीकार

गेली बरीच वर्षं संग्रहालयं आणि प्रदर्शनांसाठी इन्स्टॉलेशन करतोय, म्हणून लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.

आमच्या क्षेत्रात एक स्पष्ट सीमारेषा आहे: किनेक्टच्या आधी आणि किनेक्टच्या नंतर. किनेक्ट म्हणजे शरीराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आपल्या एक्सबॉक्स 360 या गेम कन्सोलसाठी आणला. अवरक्त ठिपक्यांची जाळी खोलीभर टाकायची, ती वस्तूंवर कशी सरकते ते कॅमेऱ्याने बघायचं आणि त्यावरून अंतर काढायचं, हे त्याचं तंत्र. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख विकले गेले, गिनेसमध्ये नोंद झाली. ॲडाफ्रूट कंपनीनं खुला ड्रायव्हर (तो संगणकाला जोडून वापरता येईल असं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याला बक्षीस लावलं आणि बाजारात आल्यापासून आठवड्याभरातच एकाने तो लिहूनही दाखवला. त्या दिवसापासून आमच्यासारख्यांना खोली बघू शकणारा डोळा मिळाला. गेमर्स कंटाळले, आम्ही नाही. 2017 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा ओळखीतल्या अनेकांनी जुने तुकडे गोळा करून ठेवले. मूळ तंत्र प्राइमसेन्स या कंपनीचं. ती 2013 मध्ये ॲपलने घेतली. आयफोन टेनच्या फेस आयडीत चेहऱ्यावर 30,000 च्या वर अदृश्य ठिपके टाकतात ना, ते त्याच घराण्यातले. म्हणजे जो डोळा अख्खी खोली बघायचा, तो आता तुमचं कुलूप उघडतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. भिंतीवर चित्र आहे, समोर माणूस येतो. सगळ्यात आधी तो हात हलवतो. प्रत्येक जण. चित्र हललं की हसतो. मग दुसरा हात. मग पुढे काय हे त्याला माहीत नसतं आणि बहुतेक वेळा आम्हालाही नसतं. मुलं उड्या मारतात, जमिनीवर लोळतात, एकमेकांच्या सावलीत घुसतात. मोठी माणसं पिशवी छातीशी धरून मागे उभी राहतात आणि मुलांना म्हणतात, 'तू कर'.

सगळ्यात अवघड प्रश्न हा की हे हलणं मशीनसाठी आहे की माणसासाठी, हे मशीनला कसं कळणार? कुणी नाक खाजवलं तरी पान उलटतं. या क्षेत्रात याला मिडास टच म्हणतात. त्यावर उपाय म्हणून आम्ही हात स्थिर धरायला लावतो, एक वर्तुळ हळूहळू भरतं आणि मग निवड होते. ते भरेपर्यंत खांदा भरून येतो. उभ्या स्क्रीनसमोर हात उचलून धरण्याच्या या दुखण्याला जुन्या लोकांनी 'गोरिला आर्म' असं नावच देऊन ठेवलंय.

त्यामुळे तिरपी_रेघ, तुमचा अंगठा मला समजतो. अंगठा दुखत नाही (लगेच तरी).

कडेकडेने

सावलीकार, उत्तम प्रतिसाद. थेरेमिन राहिलं पण. साधारण 1920 मध्ये लेव्ह तेरमेनने बनवलेलं वाद्य, हातही लावायचा नाही. एका अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज कमी होतो. हवेतले हातवारे किनेक्टच्या 90 वर्षं आधीचे आहेत.

आणि वाजवायला महाकठीण, कारण हवेत सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठे थांबवायचं हे फक्त कानाने कळतं.

सावलीकार

बरोबर. आणि म्हणूनच ते वाद्य आहे, रिमोट नाही.

पासवर्ड_विसरलो

निंटेंडोच्या वी या गेम कन्सोलचा रिमोट विसरलात लोकहो! 2006. बोलिंग करताना लोकांच्या हातातून सुटून टीव्हीत घुसायचा. निंटेंडोने त्याच डिसेंबरात जाड पट्टे बदलून दिले होते. हा एकमेव इंटरफेस ज्यात माध्यमच फुटायचं.

ऐकतो_मी

मला दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. जुनी_सीडी काका, तुमची हरवलेली मधली अवस्था माझ्याकडे आहे!

2009 मध्ये आयफोन 3जीएस मध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक. तोपर्यंत नुसती काच म्हणजे आमच्यासाठी बंद दार, चाचपायला एकही बटण नाही. व्हॉइसओव्हर चालू असेल तर एक बोट काचेवर फिरवल्यावर काहीच उघडत नाही, बोटाखाली काय आहे ते फक्त बोललं जातं. उघडायचं असेल तर दोनदा टॅप. म्हणजे बोट काचेवर आहे पण दाबलेलं नाही, हीच तुमची दुसरी अवस्था. दोन बोटं बटण पिळल्यासारखी फिरवली की रोटर फिरतो: शब्दाशब्दाने वाचायचं, मथळ्यांवरून उड्या मारायच्या की वेग बदलायचा, ते निवडता येतं. तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा काळा, फोन मात्र चालू. डोळसांना हे माहीतच नसतं. शेजारी बसलेल्याला वाटतं मी बंद फोनवर बोटं नाचवतोय.

पण मूळ मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. 'एकच अंगठा उरला' याचं तुम्हाला दुःख आहे, मला थोडा आनंद आहे. नेहमीचे हातवारे वापरले की स्क्रीन रीडर ते समजतो. कुणीतरी हौसेनं स्वतःचा खास जेस्चर काढला, तीन बोटांनी चंद्रकोर काढा वगैरे, की आम्ही बाहेर. एका बातम्यांच्या ॲपने मध्यंतरी लेख उलटण्यासाठी कोपरा ओढायची टूम काढली. दिसायला सुंदर असेल. मी तीन दिवस पहिल्याच पानावर होतो.

खेळांमध्ये मात्र उलटं उदाहरण आहे. 2010 चा पापा सांग्रे नावाचा खेळ पूर्ण आवाजावर चालायचा, अंधारात, दोन अंगठे म्हणजे दोन पाय. डावा-उजवा टॅप करत चालायचं, घाई केली की अडखळायचं. हातवारा आणि अर्थ इतका एकजीव मी नंतर क्वचितच अनुभवला.

जुनी_सीडी

ऐकतो_मी, दंडवत. इतकी वर्षं होव्हर गेला म्हणून रडतोय आणि तो असा दुसऱ्या दाराने आत आलेला! टॅबलेटवर आम्ही हेच करायला हवं होतं, बोट फिरवलं की चाचपणं, दोनदा टॅप केलं की निवडणं. मांजर बरी झाली असती.

ताम्हणकर_नव्हे

सगळे फार सभ्यपणे बोलताय. खरं कारण कुणी घेत नाही. अंगठा सोपा म्हणून उरलेला नाही, तो फायद्याचा म्हणून उरलाय. अनंत स्क्रोल आझा रास्किनने 2006 मध्ये काढला आणि नंतर त्यानेच जाहीर खंत व्यक्त केली. खाली ओढून ताजं करणं लॉरेन ब्रिक्टरने ट्वीटी या ट्विटरच्या ॲपसाठी काढलं. जुगाराच्या यंत्राची दांडी ओढल्यासारखंच आहे ते. तुम्हाला थांबायला जागाच ठेवायची नाही, हा डाव आहे.

फ्रेम_चुकली

ब्रिक्टरवर अन्याय नको. तेव्हाची स्क्रीन साडेतीन इंची होती, रिफ्रेशचं बटण ठेवायला जागा नव्हती. यादी आधीच सगळ्यात वर आहे, तरी माणूस खाली ओढतोय, म्हणजे त्याला नवीन हवंय, हा साधा तर्क होता. शोध चांगला, वापर नंतर बिघडला. अनंत स्क्रोलबद्दल मात्र वाद नाही.

ताम्हणकर_नव्हे

हेतू चांगला असेल, मान्य. पण एक सांगा, या फीडमध्ये तुमचा खरा हातवारा कोणता? वर सरकवणं नाही. *न* सरकवणं. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का, हा आमच्यासाठी मोठा संकेत आहे असं टिकटॉकने 2020 मध्ये स्वतःच लिहिलं होतं. म्हणजे अंगठा थांबला की मशीनने ऐकलं. तुम्ही काही सांगितलंच नाही आणि उत्तर आलं. तिरपी_रेघ म्हणतात माध्यमं कमी इंटरॅक्टिव्ह झाली, मी म्हणतो भयंकर जास्त झाली, फक्त आपण बोलतोय हे आपल्यालाच कळत नाही.

मिणमिण

हे जरा भीतीदायक आहे. काल एका कुत्र्याच्या व्हिडिओवर फोन हातात धरून झोपले, आज सकाळपासून फक्त कुत्रे.

पासवर्ड_विसरलो

तरी आयफोनने स्वाइप शोधला म्हणून निदान...

कडेकडेने

कृपया. पाम प्री या फोनमध्ये 2009 ला ॲप्स पत्त्यांसारखी दिसायची आणि पत्ता वर भिरकावला की ॲप बंद व्हायचं. नोकिया एन9 ला 2011 मध्ये समोर एकही बटण नव्हतं, सगळं कडेवरून स्वाइप. आयफोनचं होम बटण जायला 2017 उजाडलं आणि अँड्रॉइड 10 चं पूर्ण जेस्चर नेव्हिगेशन 2019 चं.

पासवर्ड_विसरलो

अँड्रॉइडवाले आले वाटतं. आता लॅगबद्दल बोलूया का?

कडेकडेने

हो, आणि बॅक बटणाबद्दलही. तुमच्याकडे ते वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं ना? हात लांब असलेल्यांसाठी?

संपादक_मंडळ

आयफोन-अँड्रॉइड कुस्तीसाठी स्वतंत्र आखाडा आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे.

सहज_सुचलं

कुस्तीतून निघालेला एक कामाचा मुद्दा पुढे नेते. मी लहान मुलांना टॅबलेटवर चित्रकला शिकवते. कडेवरून स्वाइप म्हणजे 'मागे जा' हे सिस्टिमने ठरवून टाकलं आणि चित्रांच्या ॲपची पंचाईत झाली. मुलगा आकाश रंगवतो तेव्हा रेघ कागदाच्या कडेपासूनच सुरू करणार ना? करतो, आणि ॲप बंद. हात जरा जास्त हलला तर 'हलवून पूर्ववत करायचं का?' असा प्रश्न येतो. ते बिचारं घाबरून 'हो' दाबतं आणि काढलेला सूर्य जातो.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन यांनी 2010 मध्येच लिहिलं होतं की हे जेस्चर इंटरफेस वापरसुलभतेच्या दृष्टीनं एक पाऊल मागे आहेत. काय करता येतं ते दिसत नाही, चुकून झालेलं उलटवता येत नाही, प्रत्येक ॲपचे नियम वेगळे. मेनू निदान दिसायचा. जेस्चर कुणीतरी सांगावा लागतो. मी तर आठ वर्षांच्या विद्यार्थिनीकडून शिकले की दोन बोटांनी टॅप केलं की रेघ पुसली जाते. तिला कुणी सांगितलं? दुसऱ्या मुलीने.

फ्रेम_चुकली

+१. आमच्या गेममध्ये सुरुवातीला एक अर्धपारदर्शक हात येऊन 'असं करा' दाखवतो. तो हात काढून टाकला की अर्धे लोक पहिल्याच पायरीवर अडतात. दरवेळी वाटतं, डिझाइन चांगलं असतं तर हा भुताचा हात लागला असता का?

कडेकडेने

गोष्टींकडे वळू का जरा? प्रेक्षकाने कथा निवडायचा प्रयोग फार जुना आहे. 1967 च्या माँट्रियल एक्स्पोत चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात किनोऑटोमॅट होता, राडुझ चिन्चेराचा. खुर्चीला दोन बटणं, लाल आणि हिरवं. सिनेमा थांबायचा, सूत्रधार रंगमंचावर येऊन विचारायचा, आता याने काय करावं? बहुमताने ठरायचं. गंमत ही की दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू असायचे, फक्त कुठल्या भिंगावरचं झाकण काढायचं ते बदलायचं. आणि कुठलाही पर्याय निवडा, गोष्ट पुढच्या थांब्यावर परत तिथेच यायची.

नेटफ्लिक्सने डिसेंबर 2018 मध्ये बँडरस्नॅच हा प्रेक्षकाने पर्याय निवडायचा सिनेमा आणला, निवडायला 10 सेकंद, रिमोट नाहीतर बोट. बरीच चर्चा झाली. 2024 संपता संपता त्यांनी आपले बहुतेक इंटरॅक्टिव्ह कार्यक्रम काढून टाकले. माझ्या मते कारण सोपं आहे. सोफ्यावर लवंडलेल्या माणसाला 'आता काय?' विचारलं की तो गोष्टीतून बाहेर येतो. 1967 मध्ये तो प्रश्न मजेदार होता, कारण शेजारी अख्खं सभागृह बसलेलं होतं, आणि हरलेल्यांची कुरकूर ऐकू येत होती.

मिणमिण

मग जॅकबॉक्स आवडेल तुम्हाला. टीव्हीवर खेळ, आणि प्रत्येक जण आपल्या फोनच्या ब्राउझरवर चार अक्षरी कोड टाकून आत येतो. फोनवर गुपचूप काहीतरी लिहायचं किंवा बोटाने भयाण चित्र काढायचं, मग ते सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर. ॲप नको, कंट्रोलर नको. एरवी खोलीत चार माणसं चार फोनमध्ये असतात, इथे चार फोन एकाच खोलीत असतात. आजोबांनी काढलेला जिराफ आम्ही अजून विसरलो नाही.

तिरपी_रेघ

वा, वाचून वाचून डोकं जड झालं. मधे दोन दिवस नव्हते, आता एकत्रच उत्तर देते.

फ्रेम_चुकली, टिल्टबद्दलचं पटलं. पण तुमच्याच उदाहरणांतून माझं म्हणणं मला जास्त नीट मांडता येतंय. गलोल *किती* ओढली याला किंमत आहे. ओकारिना *किती* तिरका केला याला किंमत होती. पापा सांग्रेत पावलं *किती* घाईने टाकली याला होती. थेरेमिनचं तर सगळंच 'किती'वर. आता फीडमधला अंगठा घ्या. तो अर्धा इंच सरकला काय नि तीन इंच सरकला काय, पुढचा व्हिडिओ येतो. हळू सरकवा, रागाने सरकवा, तोच व्हिडिओ येतो. दिसायला जेस्चर, आतून निव्वळ 'पुढे' हे बटण. माझी तक्रार अंगठ्याबद्दल नाहीच, हाताच्या हालचालीतलं 'किती' गळून पडलं याबद्दल आहे.

आयफोन 6एस मध्ये 2015 ला थ्रीडी टच आला होता, काच किती जोरात दाबली ते मोजणारा. 2019 मध्ये आयफोन 11 पासून तो गेला आणि त्याच्या जागी काय आलं? बोट थोडा वेळ धरून ठेवा. जोर गेला, वाट बघणं आलं.

फ्रेम_चुकली

हं. या मांडणीशी मी बराचसा सहमत आहे. फक्त पिंच-झूम सोडून बोलताय. नकाशा दोन बोटांनी ताणतो तेव्हा रस्ता बोटाखाली चिकटून राहतो, तो शंभर टक्के 'किती' आहे आणि रोज कोट्यवधी लोक तो करतात. थ्रीडी टचचं दुःख मलाही आहे, पण तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. किती दाबायचं हे कळणार कसं? 'किती' असेल तर हात चालू असतानाच त्याचं उत्तर दिसलं पाहिजे, नुसतं शेवटी नाही. गलोलीचं रबर ताणलेलं दिसतं म्हणून ती चालते.

जुनी_सीडी

आणि तोच वर सरकणारा अंगठा 'किती'सकटही वापरता येतो. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2012 मध्ये हिमप्रपातावरचा स्नो फॉल नावाचा वृत्तान्त टाकला होता. वाचत खाली जाल तशी डोंगराची, नकाशाची हलती चित्रं सुरू होतात. पुढे त्या धर्तीवर कितीतरी झाले. त्यातल्या काहींत स्क्रोल म्हणजे काळाची किल्ली. मागे घ्या, चित्र मागे जातं. अर्थात नक्कल करणाऱ्यांनी स्क्रोलच पळवून नेला, एक बोट सरकवलं की पान स्वतःच्या लहरीने तीन पडदे खाली. तेव्हा पुन्हा तुमचं बटण झालं.

ताम्हणकर_नव्हे

'किती' ही मांडणी छान आहे, पण फीडवाल्यांना 'किती' नीट कळतं बरं. किती सेकंद थांबलात. फक्त ते तुम्हाला दाखवत नाहीत.

ऐकतो_मी

तिरपी_रेघ ताई, माझी एक भर: 'किती' ठेवा, पण सोबत एक साधी वाटही ठेवा. व्हॉइसओव्हरमध्ये स्लायडरवर एका बोटाने वर-खाली केलं की तो पायरीपायरीने बदलतो. ओढणं जमत नाही त्यांच्यासाठी ते पुरेसं असतं. हात थरथरणाऱ्यांनाही.

आळशी_अजगर

ॲपल व्हिजन प्रो कुणी वापरलाय का? फेब्रुवारी 2024 चा. त्यात म्हणे नुसतं बघायचं आणि मांडीवर हात ठेवून चिमूट करायची. माझ्यासारख्यांसाठीच बनवलेला दिसतोय.

सावलीकार

एका कामासाठी थोडा वेळ वापरला. गोरिला आर्मवर तो उत्तम उतारा आहे, हात खरंच मांडीवर राहतो. डोळा निवडतो, चिमूट होकार देते, त्यामुळे नुसतं बघितल्याने काही उघडत नाही आणि मिडास टचचा प्रश्नही बराच सुटतो. पण डोळ्याला नेहमी हाताच्या थोडं पुढे जायची सवय असते. मी पुढच्या गोष्टीकडे बघायला लागायचो आणि मग चिमूट करायचो, की भलतंच उघडायचं.

बाय द वे, सध्या साध्या वेबकॅमवर काम करतोय, गूगलच्या मीडियापाइप या हात ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने. हाताचे 21 बिंदू देतो, ब्राउझरमध्येसुद्धा चालतो. भिंतीवर पाण्याचं चित्र आहे, चिमूट जेवढी उघडाल तेवढी भरती. (तिरपी_रेघ, बघा, 'किती'!) अडचण ही की माणूस दोन पावलं मागे गेला की भरती ओसरते.

फ्रेम_चुकली

अंगठ्याचं टोक ते तर्जनीचं टोक हे अंतर थेट वापरतोयस का? मग ओसरणारच, लांब गेलं की हातच लहान दिसतो. मनगट ते मधल्या बोटाचं मूळ एवढ्या अंतराने भाग.

सावलीकार

भागून बघितलं, भरती जागेवर आली. आता पाणी थरथरतंय. सरासरी घेतली तर थरथर जाते, पण हात उघडल्यावर पाणी उशिरा येतं.

फ्रेम_चुकली

साधी सरासरी नको. वन-युरो फिल्टर लाव, 2012 चा आहे, कोड अगदी छोटा. हात संथ असेल तेव्हा जास्त गुळगुळीत करतो, वेगात असेल तेव्हा सोडून देतो. दोनच आकडे जुळवायचे असतात. आधी हात स्थिर धरून थरथर जाईपर्यंत पहिला कमी करत जा, मग हात जोरात हलवून उशीर जाईपर्यंत दुसरा वाढव.